आकाशाचं म्हणणं

टच्.

एवढाच आवाज झाला, पण दुपारच्या त्या शांततेत तो कुणी कानाशी बोट मोडावं तसा आला. लेक मालू आतल्या खोलीत झोपली होती. नवरा श्यामकांत प्रोफेसरांना आणायला इन्स्टिट्यूटकडे गेला होता. खालच्या मजल्यावरचा रेडिओही बंद होता. आणि स्नेहलतेने शिऱ्यासाठी उकळलेलं दूध गार काचेच्या चंबूत ओतलं होतं. इतकं साधं आपल्याला कळू नये? गार काच, कडकडीत दूध. हात मागे घेऊन ती बघत राहिली. चंबूला तडा गेला होता, पण दूध अजून गळत नव्हतं. वरून खाली एक उभी रेघ, तिच्या मध्यावर उजवीकडे फुटलेली एक आखूड फांदी. बघत कसली, ती ते वाचत होती. हे अक्षर तिला येत होतं. कौल लावणे या अर्थाचं फार जुनं चिनी अक्षर. अक्षर तरी कसलं, तड्याचं चित्रच ते. तीन हजार वर्षांपूर्वी शांग घराण्याचे राजे बैलाच्या खांद्याच्या हाडाला, नाहीतर कासवाच्या पोटाकडच्या कवचाला मागून खाचा पाडवून घेत, खाचेत तापलेली कांडी टेकवत, आणि हाड टच् करून तडकलं की त्या तड्यात मेलेल्या वाडवडिलांचं उत्तर वाचत. पाऊस पडेल का, स्वारीवर निघावं का, महाराजांची दाढ दुखते आहे ती कुठल्या आजोबांच्या रागामुळे. पुण्याला कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती वर्गातच हसली होती. अय्या, हा तर आपला कौल! कोकणात तिच्या आजोळी गुरव देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायचा, आणि उजवी पडली की सगळं घर सुटकेचा श्वास टाकायचं. फरक एवढाच, की देवीची पाकळी वाऱ्यावर उडून जायची, आणि शांग राजे प्रश्न, उत्तर आणि पुढे काय झालं तेसुद्धा हाडावर कोरून ठेवायचे.

तिने दूध पातेल्यात परत ओतलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात घरमालकीण फ्राऊ क्यूपर्स उभी, हातात स्क्रू पिळायचा पेचकस, चेहऱ्यावर लेकीचं लग्न ठरल्यासारखा आनंद. "खाली येऊन बघा तरी! बसवली एकदाची." घंटेच्या बटणाशेजारची नवी पितळी पट्टी. जुन्या पट्टीवर नुसतं वर्तक होतं. नवीवर डॉक्टर वर्तक. प्रबंध छापून विद्यापीठात दाखल होईपर्यंत इथे पदवी नावाला लावता येत नाही, आणि छापील प्रती मंगळवारी दाखल झाल्या होत्या. फ्राऊ क्यूपर्सने पट्टी पदराने पुसावी तशी एप्रनने पुसली आणि मागे सरकून म्हणाली, "आता कसं शोभतं, फ्राऊ डोक्टर!"

ही इथली जर्मन रीत. नवऱ्याला मिळालेली पदवी बायकोला आपोआप लागते, आडनावासारखी. स्नेहलतेला हे ठाऊक होतं. बेकरीत पाहिलेलं होतं, की अमुक डॉक्टरांची बायको आली की विकणारी पोरसुद्धा ताठ होते. चार वर्षं तिच्या जिऱ्याच्या फोडणीवरून कुरकुरणारी ही बाई काल जिन्यात त्याच वासाला सुवास म्हणाली होती. हसण्यावारी न्यावं असंच होतं सगळं. पण "फ्राऊ डोक्टर" हे दोन शब्द कानावर पडले आणि स्नेहलतेच्या कपाळात सणक गेली. आभार मानून ती वर आली. आपलीच वस्तू कुणी आपल्याला दान म्हणून द्यावी, आणि वर आपण वाकून नमस्कार करावा, तसं काहीसं. कढईत तूप टाकलं, रवा टाकला. इथे त्याला ग्रीस म्हणतात, बाळांना खीर करून देतात. ती भाजत राहिली. रवा भाजताना हात थांबवता येत नाही आणि डोकं मोकळं असतं, हे या पदार्थाचं वाईट आहे.

कुठून सुरू झालं? तसं म्हटलं तर आईपासून. पुण्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत आईचं म्हणून एकही म्हणणं नव्हतं. "ह्यांचं म्हणणं पडलं, की पोरीला कॉलेजात घालू या." "ह्यांना वाटतं, धाकट्या जावेला दिवाळीला बोलवावं." "मी कोण बाई ठरवणारी, ह्यांनीच ठरवलंय." आणि हे, म्हणजे अण्णा, खुर्चीत वर्तमानपत्राआड बसलेले असायचे आणि आपण काय ठरवलंय ते शेजाऱ्यांबरोबरच पहिल्यांदा ऐकायचे. मान डोलवायचे. आईने असं करून अख्खं घर चालवलं, तीन मुलांची लग्नं लावली, एका दिराला दारूतून बाहेर काढलं. स्नेहलता हे बघत वाढली. शिकत वाढली, असं म्हणायला हवं. कुठल्याही भाषेच्या आधी तिला ही भाषा आली.

मग कॉलेजात चिनी आली. बौद्ध ग्रंथांसाठी म्हणून चिनी शिकवणारे एक म्हातारे सर होते. त्यांच्या वर्गात पाच जण सुरू झाले आणि दिवाळीनंतर दोघंच उरले, ती आणि श्यामकांत वर्तक. तेव्हा हवा वेगळी होती. दोन जुने देश, भाऊ-भाऊ, रस्त्यात घोषणा. अक्षरं तिला पटापट चढत, त्याला चढत नसत, आणि तो मोकळेपणाने हसून म्हणे, "तुझं डोकं मला उसनं दे." किती गोड वाटायचं ते तेव्हा. लग्न झालं, त्याला बॉनची शिष्यवृत्ती मिळाली, ती बरोबर आली. फी न भरता मागच्या बाकावर बसून ऐकायची परवानगी तिला मिळाली. अठ्ठावन्नचा नोव्हेंबर. ओव्हरकोटाखाली हिरवी साडी, आणि मोजे घालूनही बधिर झालेले पाय.

त्या दिवशी सेमिनारमध्ये चौ राजांची फर्मानं चालली होती. पश्चिमेकडच्या या लहानशा चौ राज्याने शांगांसारखं बलाढ्य साम्राज्य उलथून टाकलं, राजधानी जाळली, राजाने मरण पत्करलं. आणि मग हरलेल्या सरदारांसमोर उभं राहून जिंकलेले बोलतात काय, तर आम्ही कोण लहान, आमची काय छाती, आकाशानेच तुमच्या राजाकडून आज्ञा काढून घेतली आणि आम्हाला दिली. आम्ही नुसते निरोपे. प्रोफेसर हेल्बिगनी विचारलं, "जिंकणारा इतका नम्र का?" पुढच्या बाकावरची मुलं म्हणाली, धर्मश्रद्धा. कुणी म्हणालं, भीती. स्नेहलता मागच्या बाकावर पुढे सरकून बसली. भीती कसली, मेल्यांनो! हा आवाज तिच्या ओळखीचा होता. हा आवाज तिने स्वयंपाकघरात ऐकला होता. किल्ल्या कमरेला खोचून झाल्यावरचा आवाज. ज्याला सगळं हवं आहे आणि "मला हवं" म्हणायची सोय नाही, त्याने एक मोठं, न बोलणारं कुणीतरी शोधायचं आणि आपलं म्हणणं त्याच्या तोंडी घालायचं. शांग देवाला विचारत तरी होते. हाड तापवत, तडा कसा जाईल याची धास्ती घेत. चौ राजांनी उत्तरच स्वतः लिहून टाकलं. तिथून पुढे जवळजवळ तीन हजार वर्षं प्रत्येक घराण्याने हेच केलं. जो जिंकला त्याला आकाशाने सांगितलेलं असायचं.

हे सगळं तिने हात वर करून सांगितलं. मोडक्या जर्मनमध्ये, कान लाल होऊन. आणि सांगताना सुरुवात कशी केली? "माइन मान माइंट." माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की.

तो त्या दिवशी वर्गात नव्हताच. तापाने घरी झोपला होता.

ढवळता ढवळता ती थांबली. रवा तळाला लागतोय हे कळायला एक क्षण जास्तच गेला. तिने घाईने दूध ओतलं, वाफेचा लोळ तोंडावर आला. आईच्या घरी हे वाक्य कुणी खरं धरत नसे. जावा, नणंदा, शेजारणी, सगळ्यांना आतून ठाऊक असायचं की बोलतं कोण आहे. इथे प्रत्येक जण वाक्याचा अर्थ वाक्यात आहे तेवढाच धरतो. प्रोफेसरनी टेबलावर बोटं वाजवली, इथली ती शाबासकी. "तुमच्या नवऱ्याचं डोकं तल्लख आहे." तिला राग आला का तेव्हा? छे. ती घरी उडत आली. काढा देता देता त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वा, छान सुचलं की तुला." पुढच्या आठवड्यात प्रोफेसरनी त्याला थांबवून विचारलं, तेव्हा एक क्षण, एकच क्षण, तो गोंधळला आणि मग म्हणाला, "हो, त्यावर विचार चाललाय." महिन्याभराने घरात ते "आपलं ते चौचं" झालं. मालू पोटात आली, तिचं सेमिनार सुटलं, आणि ते "माझं ते चौचं" झालं. कधी झालं, कुठल्या संध्याकाळी, हे तिला आजही सांगता आलं नसतं. पुढची तीन वर्षं मालूला मांडीवर थोपटत तिने फर्मानांचे अर्थ लावले. तो लिहीत गेला. जर्मन त्याचं चांगलं होतं, हे खरं. टिपा त्याने खपून काढल्या, हेही खरं. रागावतानाही न्यायाने वागायची तिला सवय होती, आणि आता तिला त्या सवयीचाच राग येत होता. छापील प्रस्तावनेत तिच्यासाठी एक ओळ होती. टंकलेखन आणि सहनशीलता यांबद्दल आभार.

शांगांच्या कासवांची कवचं कौलासाठी तयार करून देणाऱ्या राजघराण्यातल्या बायका असत. घासायचं, तपासायचं, शुद्ध करायचं. त्या बायकांची नावं कवचाच्या कडेला बारीक अक्षरांत कोरलेली सापडतात. कडेला का होईना. तीन हजार वर्षांपूर्वीच्या, माणसं बळी देणाऱ्या त्या रानटी राजांना एवढं सुचलं होतं. नंतर सभ्य लोक आले. नावं आणि नाती यांची नीट घडी बसवणारे आले. राजाने राजा असावं, बापाने बाप असावं, बायकोने आधी बापाचं ऐकावं, मग नवऱ्याचं, मग मुलाचं. यासाठी तिला चिनी शिकायची गरजच नव्हती. त्यापेक्षा ग्रंथ जाळणारा तो छिन घराण्याचा बादशहा परवडला. पुस्तकं जाळायची तर चौकात ढीग करून, धूर काढून जाळली. निदान कुणाला कळलं तरी, की काहीतरी जळतंय.

रेल्वेच्या फाटकाची घंटा वाजू लागली. गाडी जाईपर्यंत पाहुणे रुळांपलीकडे अडकणार, म्हणजे दहा मिनिटं मिळाली. मालू डोळे चोळत आली, पायाला मिठी मारून उभी राहिली. केसांना झोपेचा वास. स्नेहलतेने खाली वाकून त्या वासात नाक खुपसलं. "माझं शहाणं बाळ गं. लाल फ्रॉक घालू या?" "निळा," मालू जर्मनमध्ये म्हणाली. "निळा, आणि मी आत नाही बसणार."

प्रोफेसर हेल्बिग साठीचे, उंच, वाकलेले. तरुणपणी पेकिंगला राहून आलेले. त्यांच्या पत्नीला सगळे फ्राऊ प्रोफेसर म्हणत. गोलमटोल, हसऱ्या, शिऱ्याचा वास घेऊन "आह!" म्हणणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या दोन्ही हात पसरले, "फ्राऊ डोक्टर! अभिनंदन!" श्यामकांत नव्या टायमध्ये होता, आणि खूश होता. त्याला असं खूश बघून एरवी तिला बरं वाटायचं. गेल्या ऑक्टोबरात सीमेवर लढाई पेटली तेव्हा आखेनला शिकणारा दत्तात्रय दर रविवारी येऊन चिडवायचा, "वहिनी, शत्रूची भाषा! आधी तुम्हालाच पकडणार." श्यामकांत तेव्हा खचला होता. आता दिल्लीला चिनी जाणणारी माणसं हवी होती, आणि त्याला ऑगस्टपासूनची जागा कबूल झाली होती. लढाईने त्याचं नशीब काढलं होतं. हे तो बोलायचा नाही, पण टाय बोलत होता.

कॉफी ओतून झाल्यावर प्रोफेसरनी नळकांड्यातून एक गुंडाळी काढून टेबलावर पसरली. काळा कागद, त्यावर पांढऱ्या रेघा. कवचावर कागद दाबून शाईने घेतलेला ठसा. तैपेईहून असे शेकड्यांनी ठसे आले होते. "आल्झो, तर मग, हेर डोक्टर, काय म्हणतो तुमचा डोळा?"

श्यामकांत पुढे झुकला. "बाळंतपणाचा कौल दिसतो. नेहमीचाच प्रकार." हाडांवरची अक्षरं त्याची नव्हती, त्याचा जीव नंतरच्या ग्रंथांत. स्नेहलता कॉफीचं भांडं धरून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती आणि उलट्या बाजूने वाचत होती. एक अक्षर, मग दुसरं. वाचता वाचता भांडं तिच्या हातात जड झालं. "नेहमीचा" म्हणे! ती बशा उचलून आत गेली.

फ्राऊ प्रोफेसर मागोमाग आल्या. "थांबा, मी पुसते. फारच गुणी मुलगी हो तुमची. तुम्ही केलंत ते अगदी योग्य केलंत. आमच्या ह्यांना फार वाईट वाटलं, पण मी त्यांना सांगितलं, तिचंच बरोबर आहे."

"कशाबद्दल?"

"अहो, ते ठशांचं काम! दोन वर्षांची मंजुरी आलीय ना. पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये पाहिलं होतं ह्यांनी. हे म्हणत होते, हाडं वाचायला तिच्यासारखी नजर माझ्या एकाही विद्यार्थ्याला नाही. सकाळचा अर्धा दिवस, इन्स्टिट्यूटमध्येच. पण मूल लहान असताना घराबाहेर? मी बाई तीस वर्षं ह्यांचं सगळं टाइप केलं, पण घरी बसून. आणि तुमच्या नवऱ्याने किती सुंदर सांगितलं! म्हणाले, 'माझ्या बायकोचं म्हणणं आहे, की तिची जागा मुलीपाशी आहे.' मला तर भरून आलं."

"कधी सांगितलं?"

"ईस्टरच्या आसपास. गेनाऊ, बरोबर, ईस्टरच्या आधी." त्या बशी उजेडात धरून बघत होत्या. "हा डाग आधीचाच का?"

माझ्या बायकोचं म्हणणं आहे. स्नेहलता नळाखाली हात धरून उभी राहिली. पाणी गार होतं, मग बोटं दुखायला लागली, मग काहीच कळेना. ईस्टरला त्यांनी मालूसाठी बागेत रंगवलेली अंडी लपवली होती. श्यामकांतने मालूला खांद्यावर घेतलं होतं. तेव्हा त्याने तिचं उत्तर देऊन टाकलेलं होतं. म्हणजे युक्ती त्यालाही येत होती. शिकला कुठून? तिच्याकडूनच. फक्त तिने त्याला वर बसवून त्याच्या तोंडी शहाणपण घातलं होतं, आणि त्याने तिला वर बसवून तिच्या तोंडी तिचाच नकार घातला होता. इतकी वर्षं तिला वाटत होतं, या गोष्टीत आपण चौ आहोत. हरलेले चौ, फसलेले चौ, पण चौ. आज कळलं, आपण आकाश होतो. आकाशाला कधी कोणी विचारलं होतं? एवढ्या राजांपैकी एकाने तरी मान वर करून विचारलं, की बाबा रे, हे तू खरंच म्हणालास का? ते गप्प असतं म्हणून तर त्याच्या नावावर काहीही खपवता येतं. अण्णासुद्धा गप्पच असायचे. पण अण्णा खुर्चीत आरामात होते, त्यांचं काही जात नव्हतं.

तिने नळ बंद केला. शिऱ्याचं भांडं उचललं.

बाहेर प्रोफेसर बोलत होते. "मला तुमच्या प्रबंधातलं सर्वांत आवडलेलं वाक्य अजूनही तेच, हेर डोक्टर. चौ राजांची नम्रता ही किल्ल्या आधीच खिशात असलेल्या माणसाची नम्रता आहे. पहिल्या वर्षीच ऐकलं होतं मी ते."

"कुणाकडून ऐकलंत?" स्नेहलतेने विचारलं.

"तुमच्याकडून! निरोप घेऊन तुम्ही आला होतात."

"तो निरोप नव्हता." तिने भांडं मध्यभागी ठेवलं. तिचं जर्मन अशा वेळी नेहमी अडखळायचं, आज अडखळलं नाही. "ते माझं म्हणणं होतं. हे त्या दिवशी तापाने घरी झोपले होते. आमच्याकडे बायका स्वतःचं मत नवऱ्याचं म्हणून सांगतात. शिष्टाचार आहे तो. तुम्ही खरं धरलंत. आणि ईस्टरच्या आधी माझं म्हणणं म्हणून तुम्हाला जे सांगण्यात आलं, ते माझं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं."

मालू टेबलाखाली बसून चमचा जमिनीवर घासत होती. मग श्यामकांत हसला. हसणं छान होतं, पाहुण्यांपुरतं. "माझी बायको थट्टा करतेय."

"नाही," स्नेहलता म्हणाली. "शिरा घ्या. गार होतोय."

प्रोफेसरनी चमचा बशीत आडवा ठेवला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. "हिरवं वस्त्र होतं," ते हळू म्हणाले. आणि मग, तिच्या डोळ्यांसमोर, त्यांची मान वळली. "हेर डोक्टर, कौटुंबिक बाबतीत मी पडू इच्छित नाही." आताही त्यालाच! ती बोलली, ती समोर उभी आहे, आणि उत्तर त्याला. तिला वाटलं, भांडं उचलून भिंतीवर फेकावं, शिऱ्याचा डाग पडू दे, फ्राऊ क्यूपर्सला येऊन पुसू दे. ती हाताची घडी घालून उभी राहिली. पाहुणे लवकर उठले. फ्राऊ प्रोफेसरनी तिचा हात दाबला आणि डोळे टाळले. कोट चढवताना प्रोफेसर कोटाच्या खुंटीकडे बघत म्हणाले, "सोमवारी दहा वाजता मी इन्स्टिट्यूटमध्ये असतो." कुणाला म्हणाले ते खुंटीलाच माहीत. ठसा टेबलावर राहिला होता. विसरले की ठेवून गेले, तेही कळलं नाही.

दार लागलं. श्यामकांतने टाय ओढून काढला. "झालं समाधान? तमाशा झाला माझा."

"तुमचा?"

"नाहीतर कुणाचा? छापून झालंय ते! आता काय, पानं फाडत फिरू? अगं, आणि मी कधी म्हटलं होतं तुला, की माझं नाव घे? तूच म्हणायचीस ना ऊठसूट, हे म्हणतात, हे म्हणतात!"

"हो, मीच म्हणायची." हे त्याने म्हणावं आणि ते खरं असावं, याचा तिला असा संताप आला की आवाज खाली गेला. "मी म्हणायची. तुम्ही ऐकून घ्यायचात. आणि नोकरीचं? तेही मीच म्हटलं?"

"त्यांनी मला विचारलं, म्हणून मी उत्तर दिलं. ऑगस्टला आपण निघणार. जमणारच नव्हतं, तुला सांगून उगाच तुझा जीव कशाला..." तो थांबला. खरोखरच त्याला असं वाटलं असणार, हे तिला दिसत होतं. "म्हटलं, तुला त्रास नको."

"सोमवारी मी जाणार आहे. दहा वाजता."

"आणि मालू?"

"तुम्ही घरी आहात की. डॉक्टर झालात, आता ऑगस्टपर्यंत काय काम आहे तुम्हाला?"

"आणि दिल्ली? दोन वर्षं मी तिकडे आणि तू इकडे? आईला काय सांगू मी?"

"सांगा, सुनेचं म्हणणं पडलं," ती म्हणाली. "या वेळी खरंच पडलंय."

तो खुंटीपाशी गेला. टोपी घेऊन खाली उतरला, ऱ्हाईनकडे चक्कर मारायला जातो तसा. त्याची पावलं जिन्यावर सावकाश वाजली. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर किती सोपं झालं असतं. वाईट माणसावर रागावून मोकळं होता येतं. हा राग कुठे ठेवायचा, ते तिला कळेना. त्याच्यावर ठेवावा तर अर्धा उरतो, स्वतःवर ठेवावा तर पुन्हा अर्धा उरतो. खिडकीबाहेर मे महिन्याचं लांबलेलं ऊन होतं, संध्याकाळ व्हायचं नाव घेत नव्हतं. सोमवारी ती जाईल, आणि ते पुन्हा खुंटीकडे बघून बोलतील. तरी जाईल. बोलणाऱ्याची मान आपल्याकडे वळेपर्यंत बसून राहील.

मालू खुर्चीवर गुडघे टेकून ठशावर वाकली होती. "हे काय आहे?" तिने जर्मनमध्ये विचारलं. "कुणी खरडलंय?"

स्नेहलतेने तिला उचलून मांडीवर घेतलं. पोटऱ्या गार झाल्या होत्या, त्या तळहातांनी चोळल्या. "गोष्ट आहे. खूप जुनी. वाचू?"

"वाच."

तिने बोट ठेवलं. पहिली दोन अक्षरं दिवसाच्या नावाची. मग कौल लावणाऱ्या पुरोहिताचं नाव. मग राणीचं नाव. "ही राणी होती. मोठी शूर. घोड्यांच्या रथातून लढाईला जायची, हजारो शिपाई तिच्या हुकमात. तिच्या पोटात बाळ होतं. म्हणून राजाने हाडाला विचारलं, बाळंतपण चांगलं होईल का?"

"हाड बोलतं?"

"बोलत नाही. राजा बोलतो, हाडाच्या नावाने. राजा म्हणाला, अमुक वारी झालं तर चांगलं, तमुक वारी झालं तर फारच चांगलं." बोट पुढे सरकलं आणि अडलं. पुढची अक्षरं अगदी स्वच्छ होती, आज सकाळी कोरल्यासारखी. दुपारी उलट्या बाजूने ती पहिल्यांदा वाचली तेव्हा भांडं जड झालं होतं. आता मांडीवर हे ऊबदार ओझं होतं आणि निळ्या फ्रॉकचा काठ तिच्या मनगटाला घासत होता. गोष्ट इथे थांबवता आली असती. बदलताही आली असती, कुणाला कळणार होतं? सगळ्यांनी बदलल्याच होत्या. "महिना उलटला. भलत्याच दिवशी बाळ झालं. मग त्यांनी इथे कोरलं." तिने बोट त्या अक्षरांवर ठेवलं. "चांगलं झालं नाही. मुलगी झाली."

मालूने आपलं छोटं बोट आईच्या बोटाशेजारी ठेवलं आणि ओळीवरून खाली नेलं, ओळ संपेपर्यंत, मग कागदाच्या कडेपर्यंत, जिथे काळी शाईही संपली होती.

"इथे राजा आहे?"

"आहे."

"आणि राणीचं नाव आहे?"

"हे बघ, हे."

"आणि तो हाडवाला?"

"त्याचंसुद्धा आहे. इथे, वर."

मालूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आणि त्या मुलीचं नाव काय होतं, ममा?"